दोन तासांच्या सेटची तपासणी

आपली लेक टेबलामागे दोन-दोन तास उभी राहून नेमकं करते काय, हा प्रश्न निरीक्षकसाहेबांच्या डोक्यात शिरला आणि घरातल्या शांततेची वाट लागली.

साहेब वजनमापे खात्यात बत्तीस वर्षं निरीक्षक होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण त्यांचा संशय काही निवृत्त झालेला नव्हता. साखरेची पुडी घरात आली की आधी त्यांच्या तळहातावर झुलायची आणि मगच डब्यात जायची. दवाखान्यात गेले तरी काट्यावर चढण्याआधी ते खाली वाकून काटा शून्यावर आहे की नाही ते बघत. वाकून उठल्यामुळे रक्तदाब वाढलेला निघे, आणि मग रक्तदाबाच्या यंत्रावरही त्यांचा संशय जाई. माणूस सरळ होता हो. पण इतक्या सरळ माणसाला जग वाकडंच दिसतं, त्याला कोण काय करणार.

लेक पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. कायमची नोकरी, दहा ते पाच, पांढरा कोट. ही नोकरी साहेबांना मनापासून पटलेली होती, कारण तिथेही संशय घेणं हेच काम असतं. पण सहा महिन्यांपूर्वी तिने बिनपगारी रजा टाकली आणि ती डीजे झाली. म्हणजे आधी फक्त शनिवार-रविवारी होती, ती आता पूर्णवेळ झाली. वाजवायची ते हाऊस संगीत. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर मिनिटाला एकशेवीस-बावीस ठोके, एकसारखे, धप धप धप धप. एक गाणं संपायच्या आतच दुसरं त्याच्या पोटातून वर येतं आणि जोड कुठे दिसत म्हणून नाही. क्लबात आणि मैदानांवर लोक यासाठी रांगा लावतात. लेक हे सगळं जुन्या पद्धतीने, काळ्या तबकड्यांवर करायची. दोन फिरत्या तबकड्या, मधोमध बटणांची पेटी, आणि कानाला हेडफोन.

आता गाणी दुसऱ्यांची, यंत्रं तिसऱ्यांची, नाचणारे पाय चौथ्यांचे. मग यात हिचं काय, असा साहेबांचा साधा सवाल होता. माणूस काही करताना दिसत नाही आणि गिऱ्हाईक मात्र खूश होऊन जातं, अशा ठिकाणी हटकून काहीतरी गोम असते, एवढं त्यांना अनुभवाने कळलं होतं. त्यात तिने पोस्टरवर स्वतःचं नाव लावलं होतं 'पासंग'. तराजूची दोन पारडी सारखी करायला बांधतात तो तुकडा. लेकीचं म्हणणं, मी दोन गाणी सारखी तोलून धरते, म्हणून पासंग. साहेबांचं म्हणणं, मी उभ्या हयातीत चारशे पासंग जप्त केले आहेत आणि आता माझ्याच घरातला एक भिंतीभिंतीवर चिकटलाय. यावर दोन दिवस अबोला झाला.

अबोला लेकीनेच मोडला. जेवताना तिने एक पास त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. पंधरा दिवसांनी शनिवारी मोठ्या मैदानावर महोत्सव होता आणि दुपारी तीन ते पाच तिचा सेट होता. त्यानंतरच्या सोमवारी तिची रजा संपत होती. प्रयोगशाळेने कळवलं होतं की सोमवारी एकतर हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या.

"बाबा, बत्तीस वर्षांत तुम्ही एकही खोटा शिक्का मारला नाही," ती म्हणाली. "म्हणून तुम्हाला विचारते. शनिवारी दोन्ही तास बघा. बघून तुम्हाला वाटलं की हे काम नाही, नुसतं सोंग आहे, तर तसं सांगा. सोमवारी मी कोट घालून प्रयोगशाळेत जाते. पुन्हा विषय काढणार नाही."

ही पोरगी बोलल्याप्रमाणे वागते, हे त्यांना माहीत होतं, कारण ती सवय तिने त्यांच्याकडूनच उचलली होती. म्हणजे त्यांच्या एका शब्दावर तिचं पुढचं सगळं आयुष्य टांगलेलं. त्यांनी पास बोटाने मागे सरकवला. ज्याची तपासणी करायची त्याच्या आमंत्रणावरून जायचं नसतं, त्याचा चहासुद्धा घ्यायचा नसतो, असं ते म्हणाले. बायकोने पास उचलला आणि आपल्या पर्समध्ये टाकला. मी कुणाची तपासणी करत नाहीये, असं ती म्हणाली.

पहिली तपासणी घरातच झाली. लेक बाहेर गेल्यावर साहेब तिच्या खोलीत शिरले आणि त्यांनी त्या बटणांच्या पेटीवर कागदाच्या बारीक पट्ट्या चिकटवल्या. एकेका बटणावर एकेक पट्टी, प्रत्येक पट्टीवर सही आणि तारीख. दुकानातला काटा सील करायची हीच पद्धत. बटणं खरोखर फिरवली तर पट्ट्या फाटणार, नुसता देखावा असेल तर शाबूत राहणार. संध्याकाळी लेक आली, तीन तास तिचा सराव चालला, भिंतीतून धप धप येत राहिलं. ती आंघोळीला गेल्यावर साहेबांनी जाऊन पाहिलं. सगळ्या पट्ट्या शाबूत. आनंद व्हावा की दुःख, हे त्यांना ठरवता येईना. मग चष्मा लावून पाहिलं तेव्हा कळलं की सगळ्या सह्या उलट्या होत्या. तिने वाफेवर पट्ट्या सोडवल्या होत्या आणि सराव झाल्यावर जागच्या जागी, पण उलट्या, चिकटवून ठेवल्या होत्या. पुराव्याशी छेडछाड हा गुन्हा आहे, असं त्यांनी जेवताना हवेत बघून म्हटलं. लेकीने आमटी वाढून घेतली.

एव्हाना ही बातमी जिन्यातून वरखाली झालेली होती. वरच्या मजल्यावर एक विमा एजंट राहायचे. सल्ला द्यायला त्यांना कारण लागत नसे, माणूस घरी असला की पुरे. त्यांनी मोबाइलवर असा एक डीजे पाहिला होता म्हणे, जो केळं सोलून खात होता आणि संगीत चालूच. त्याच्या यंत्राची वायर तर कशालाच जोडलेली नव्हती. साहेब, बटणं फिरतात हो, पण ती जोडलेली कशाला आहेत ते बघा, असं सांगून ते विम्याचा एक कागद ठेवून गेले. खालच्या मजल्यावरचे भौतिकशास्त्राचे निवृत्त सर जास्त गंभीर होते. त्यांच्या मते निरीक्षक हा स्वतंत्र असला पाहिजे, आणि नुसता स्वतंत्र असून भागत नाही, तो जवळही असला पाहिजे. नगरपालिका अशा कार्यक्रमांत आवाज मोजायला नागरिक निरीक्षक नेमते, त्यांना रंगमंचाच्या मागे उभं राहता येतं, ही माहिती त्यांनीच दिली. साहेबांचे डोळे चमकले. सरकारी कामाने जायचं, हातात माप घेऊन. त्यांना चार वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

नगरपालिकेत ध्वनी विभागाच्या बाईंनी एक चार पानी अर्ज दिला. तिसऱ्या पानावर विचारलं होतं की कार्यक्रमाशी अर्जदाराचा काही संबंध आहे काय. दुसऱ्या कुणी सरळ 'नाही' लिहिलं असतं. साहेबांनी लिहिलं, 'लेक वाजवणार आहे. तिच्याविषयी संशय आहे.' बाईंनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं. नातेवाईक असेल तर नेमणूक करता येत नाही, असं त्या म्हणाल्या. साहेबांनी नियम मागितला. नियमात लिहिलं होतं की नातेवाइकाच्या बाजूने पक्षपात होण्याची शक्यता असल्यास अर्ज फेटाळावा.

"मग तुम्ही तिच्या बाजूने आहात की विरुद्ध?" बाईंनी विचारलं.

हा प्रश्न कुणी असा समोरासमोर विचारेल असं त्यांना वाटलं नव्हतं. साहेब हळूच म्हणाले, तूर्तास विरुद्ध. मग चालेल, असं म्हणून बाईंनी शिक्का मारला.

पण अर्जाला श्रवणशक्तीचा दाखला जोडायचा होता. कानाच्या डॉक्टरांनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवला आणि आवाज ऐकू आला की बटण दाबा असं सांगितलं. साहेब बसले. बराच वेळ काहीच ऐकू येईना. काचेपलीकडे डॉक्टर बोटं हलवत होते, पण ती बोटं खरंच काही करतात की नुसतीच हलतात, हे कसं कळणार. फसवून बटण दाबायला लावायचा हा डाव असावा, असं वाटून साहेबांनी बोट मागे घेतलं. निकालात आलं की बारीक, उंच आवाज त्यांना फारसे ऐकू येत नाहीत, जाड आवाज मात्र उत्तम. तुमचं यंत्र शेवटचं कधी पडताळलं होतं, असं साहेबांनी विचारलं. डॉक्टरांनी दाखल्यावर लिहिलं, 'श्रवणशक्ती वयाला साजेशी. स्वभाव तपासलेला नाही.' दुसरी ओळ खोडून घ्यायला त्यांना पुन्हा एकदा खेटा घालावा लागला.

एवढं करून ध्वनिमापक हातात आला तो बुधवारी. बाई सही घेत होत्या तेवढ्यात साहेबांनी यंत्र उलटं करून पाहिलं आणि पडताळणीचा शिक्का कुठे आहे असं विचारलं. बाईंच्या अकरा वर्षांच्या नोकरीत हे कुणी विचारलं नव्हतं. बाईंनी यंत्र हातात घेऊन सगळ्या बाजूंनी फिरवलं. शिक्का नव्हता. आता बिनशिक्क्याच्या मापाने मोजणं हे साहेबांच्या लेखी पाकीट मारण्याइतकंच वाईट. त्यांनी यंत्र घ्यायला नकार दिला. बाई म्हणाल्या, तुमच्या खात्याकडेच पाठवावं लागेल, न्या तुम्हीच.

खात्यात साहेबांच्या खुर्चीवर त्यांचाच जुना कनिष्ठ बसलेला होता. याला साहेबांनी एकदा एकच अहवाल सात वेळा लिहायला लावला होता. त्याने उठून नमस्कार केला, खुर्ची दिली, प्रकृतीची चौकशी केली आणि यंत्र ठेवून जा म्हणाला. दहा मिनिटांचं काम आहे, साहेब म्हणाले. साहेब, घाई करायची नाही असं तुम्हीच शिकवलंत, कनिष्ठ म्हणाला. गुरुवार गेला. शुक्रवारी साहेब तीन वेळा जाऊन आले, बाहेरच्या बाकावर बसले, ज्या बाकावर त्यांनी बत्तीस वर्षं लोकांना बसवून ठेवलं होतं. बाक फार अरुंद होता. हे त्यांच्या आजवर लक्षात आलं नव्हतं. कार्यालय बंद व्हायला पाच मिनिटं असताना शिक्का मिळाला. यंत्रासोबत नगरपालिकेने एक पिवळं जाकीटही दिलं होतं, पाठीवर मोठ्या अक्षरांत 'निरीक्षक'. घरी येऊन त्यांनी ते आरशासमोर घालून बघितलं, पाठ दिसावी म्हणून मान जेवढी वळेल तेवढी वळवली, आणि दारात बायको उभी आहे हे दिसताच बटण तपासत असल्याचं दाखवलं.

शनिवारी अडीच वाजता साहेब रंगमंचामागे हजर झाले. लेक तबकड्या लावत होती. पिवळ्या जाकिटातल्या आपल्या बापाला तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्यांना उभं राहायला जागा व्हावी म्हणून तिने आपली पाण्याची बाटली बाजूला घेतली.

तीन वाजता पहिला ठोका पडला आणि साहेबांच्या पोटातली आतडी हलली. समोर मैदान माणसांनी गच्च भरलेलं. पहिल्या रांगेत कठड्याला धरून बायको उभी होती आणि आताच डोलायला लागली होती. साहेबांनी नियमाप्रमाणे वाचन घेतलं, मर्यादेत होतं, वहीत नोंदवलं. मग ते मूळ कामाला लागले. आधी वायर. एजंटांचा शब्द त्यांच्या डोक्यात बसलेला होता. टेबलाखालून निघणारी एक जाड काळी वायर त्यांनी पकडली आणि तिचा माग काढत ते रंगमंचाखाली शिरले. गुडघे टेकले, डोकं एका लोखंडी पट्टीला आपटलं, जाकीट एका खिळ्यात अडकलं, पण वायर सोडली नाही. वायर पार पलीकडे निघाली, एका तंबूत शिरली आणि थांबली. साहेबांनी ती तिथल्या खोक्यातून उपटली. संगीत चालूच राहिलं. म्हणजे एजंट म्हणतात ते खरं की काय, असं मनात येतं न येतं तोच तंबूतून एक बाई ओरडत आल्या. ती वायर त्यांच्या थंड पेयांच्या शीतपेटीची होती आणि तिचा संगीताशी काडीचाही संबंध नव्हता. साहेबांनी जाकिटाची पाठ दाखवून पाहिली, पण बाईंवर तिचा परिणाम झाला नाही. दोन्ही हातांनी वायर परत खोचून ते धुळीने माखलेले वर आले.

आता ते लेकीच्या मागे तीन फुटांवर उभे राहिले आणि डोळ्यांत तेल घालून बघू लागले. हेडफोन ती एकाच कानाला लावत होती, दुसरा मोकळा. एक तबकडी मैदानात वाजत होती, दुसरी फिरत होती पण ऐकू येत नव्हती. ती बटणं फिरवायची, आवाजात फरक कधी कळायचा, कधी नाही. कळला नाही की ते वहीत फुली मारत. तासाभरात सतरा फुल्या झाल्या. बारीक आवाज आपल्या कानांना ऐकू येत नाहीत असं डॉक्टरांनी लिहून दिलंय, हे त्यांना आठवलं, पण तो दाखला त्यांना तसाही मान्य नव्हता.

चार वाजून गेले होते. लेकीने दुसरी तबकडी हळूहळू मैदानात सोडली. दोन गाणी एकत्र वाजू लागली आणि त्यांचे ठोके असे एकावर एक बसले की दोन आहेत हे सांगूनही पटलं नसतं. आणि तेवढ्यात साहेबांना ते दिसलं. लेकीचं बोट. उजव्या हाताचं मधलं बोट तिने फिरत्या तबकडीच्या कडेला अलगद टेकवलं, काढलं, पुन्हा टेकवलं. कुणाच्या लक्षात येऊ नये इतकं हलकं.

साहेबांचं रक्त तापलं. बत्तीस वर्षं त्यांनी हेच बोट शोधलं होतं. पारड्याच्या कडेला दुकानदाराचं असंच बोट टेकलेलं असतं, चेहरा भलतीकडे असतो, आणि गिऱ्हाईक बिचारं काट्याकडे बघत असतं. अशा वेळी निरीक्षकाने एकच करायचं असतं. पुढे व्हायचं, आपले दोन्ही हात खांद्यापर्यंत वर करून तळवे दाखवायचे आणि म्हणायचं, हात काढा. मग दुकानदाराने दोन्ही हात वर करायचे आणि निरीक्षकाचे हात खाली येईपर्यंत काट्याला शिवायचं नाही. काटा खरा असेल तर हलत नाही. साहेबांनी विचार केला नाही. पाय आपोआप पुढे पडले, हात आपोआप वर गेले.

"हात काढा," ते म्हणाले.

त्या गदारोळात शब्द कुणाला ऐकू जाणार. पण लेकीने वळून तळवे पाहिले. लहानपणी बाजारात बापाचा हात धरून तिने ते शेकडो वेळा पाहिलेले होते. तिने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. मग शांतपणे दोन्ही हात तबकड्यांवरून उचलले आणि डोक्याच्या वर धरले.

मैदानाला काय दिसलं, तर वाजवणारीचे हात वर, आणि तिच्या मागे धुळीने माखलेल्या, पिवळ्या जाकिटातल्या एका काकांचे हात वर. पुढच्या क्षणी मैदानातल्या हजारो माणसांनी हात वर केले.

संगीत चालूच राहिलं. पाच सेकंद, आठ सेकंद, दहा. ठोके जागच्या जागी, काटा हलला नाही. म्हणजे हातांची गरजच नव्हती. संशय खरा ठरला होता आणि आता सोमवारी ती पांढरा कोट घालून निघणार होती. साहेबांना एरवी अशा वेळी जिंकल्यासारखं वाटायचं. आज वाटलं नाही. आपला संशय खोटा ठरावा अशी आपली किती इच्छा होती, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं आणि फार वाईट वाटलं.

आणि मग ठोका फुटला. आधी अगदी थोडा, एकाला लागून दुसरा. मग दोघांत फट पडली. धप होतं त्याचं धडप झालं, धडपचं धडधडप झालं, जिन्यावरून दोन माणसं एकमेकांच्या पायात पाय घालून उतरावीत तसं. जाड आवाज साहेबांना उत्तम ऐकू येत होते, त्यामुळे या गोंधळातला कण न् कण त्यांच्या कानात शिरला. मैदानातले पाय अडखळले. कुणी डावा टाकावा की उजवा या विचारात पडलं. पहिल्या रांगेतली बायको नाचायची थांबली आणि तिने साहेबांकडे असं पाहिलं की त्यांना घरी जावंसं वाटेना. अंगठ्याच्या बेचक्यात धरलेल्या ध्वनिमापकाचा आकडा मात्र होता तिथेच होता. शिक्का मारलेलं माप, पण या मोडतोडीची त्याला दखलच नव्हती.

दुकानात हात काढल्यावर काटा हलला तर तो हात चोराचा. इथे हात काढल्यावर सगळं कोसळत होतं, म्हणजे इतका वेळ ते याच हातांनी धरून ठेवलं होतं. साहेबांना हे लख्ख कळलं. मग ती हात खाली का घेत नाही? ती हात वर ठेवून त्यांच्याकडेच बघत होती. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम, डोळे त्यांच्या तळव्यांवर. त्यांच्या डोक्यात उशिरा प्रकाश पडला. निरीक्षकाचे हात खाली येईपर्यंत शिवायचं नसतं. ही पोरगी हजारो लोकांसमोर आपला सेट मातीत जाऊ देत होती, पण बापाचा नियम मोडत नव्हती.

साहेबांनी हात इतक्या झटक्यात खाली घेतले की ध्वनिमापक पायावर पडला.

तिने एक आवाज तोडला, तबकडीला बोट लावलं, कान हेडफोनला टेकवला. एक, दोन, तीन ठोके नुसतीच टाळीसारखी टकटक. चौथ्याला तिने सगळा खर्ज एकदम आत सोडला आणि दोन्ही गाणी एकावर एक बसली ती अशी की मैदान जागच्या जागी हातभर उडालं. असा आवाज साहेबांनी आयुष्यात ऐकला नव्हता. त्यांचा उजवा पाय ठोक्यावर आपटत होता. अर्थात ध्वनिमापक पडल्यामुळे तो दुखत होता, हेही कारण असू शकतं.

पाच वाजता सेट संपला तेव्हा मैदान 'काका, काका' असं ओरडत होतं. साहेबांना आधी वाटलं, शीतपेटीचं प्रकरण वर आलं. पण आयोजक धावत आले आणि त्यांनी साहेबांचे दोन्ही हात धरून हलवले. काय कल्पना, म्हणाले. सगळ्यांचे हात वर, मग सगळं मोडून टाकायचं, आणि मग एकदम जोडायचं, असं आजवर कुणी केलं नाही. पुढच्या महोत्सवाला काका पाहिजेतच, हेच जाकीट घालून, पोस्टरवर त्यांचा फोटो वर आणि पासंगचा खाली. खिशात फोन वाजला, तो एजंटांचा. त्यांच्याकडे व्हिडिओ पोचलासुद्धा होता. मला आधीपासूनच माहीत होतं, ते म्हणाले, लेकीला नुसतं पुढे उभं केलंय, खरे करणारे तुम्ही.

साहेबांना कानफटात मारल्यासारखं झालं. आजवर त्यांच्यावर कुणी कशाचाही आरोप केला नव्हता, आणि आज दुसऱ्याच्या कामाचं श्रेय त्यांच्या पदरात घातलं जात होतं, तेही स्वतःच्या लेकीच्या. ती चार पावलांवर पाठमोरी उभी राहून तबकड्या एकेक करून पाकिटात घालत होती.

"थांबा," साहेब आयोजकांना म्हणाले. "मी काहीही केलेलं नाही. मी दोन तास नुसता उभा होतो. एकदा हात वर केले, ती माझी चूक होती. ते मोडलं ते माझ्यामुळे, आणि जोडलं ते हिनं. काम सगळं हिचं आहे."

आयोजक हसले. काका किती नम्र आहेत, असं ते शेजारच्या माणसाला म्हणाले. साहेबांनी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं, जाकीट काढून हातात घेऊन सांगितलं. जो तो मान डोलवत होता आणि कुणाचाही विश्वास बसत नव्हता. खरं बोलणाऱ्याकडे लोक अशा नजरेने बघतात तेव्हा कसं वाटतं, ते साहेबांना वयाच्या बासष्टाव्या वर्षी समजलं. ते घामाघूम झाले.

आयोजक गेल्यावर लेक वळली. तिचे डोळे बारीक झाले होते. ही नजर साहेबांच्या ओळखीची होती, रोज दाढी करताना आरशात दिसायची.

"हे तुम्हाला खरंच वाटतं," तिने विचारलं, "की सेट बिघडवलात म्हणून माझी समजूत काढताय?"

बत्तीस वर्षं लोकांनी साहेबांसमोर शपथा घेतल्या होत्या आणि त्यांनी एकही मानली नव्हती. आता शपथ घ्यायची पाळी त्यांची होती आणि ती कुठल्या तोंडाने घ्यावी हे त्यांना सुचेना.

"राजीनाम्याचं पत्र लिहिलंयस?" शेवटी त्यांनी विचारलं.

लिहिलं होतं. तबकड्यांच्या पिशवीत सर्वांत खाली, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. सही मात्र केली नव्हती. साहेबांनी चष्मा लावून पत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं, मग पुन्हा वाचलं. तारखेत एक चूक होती, ती दाखवली. लेकीने ती दुरुस्त केली. मग त्यांनी आपलं पेन तिच्या हातात दिलं आणि पत्राखाली धरायला आपली वही पुढे केली. वही सरळ धरायच्या नादात ते ती सारखी हलवत होते, त्यामुळे सही जरा वाकडीच आली.

बायको गर्दीतून वाट काढत वर पोचली तेव्हा साहेब पत्राची घडी घालत होते. त्यांनी ते शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि वरून दोनदा चापून पाहिलं. सोमवारी दहाच्या ठोक्याला ते स्वतः प्रयोगशाळेत जाऊन देणार होते. टपालावर त्यांचा विश्वास नव्हता.